कंबर नसलेला उंदीर : हॉक्स-१० जनुकांचा प्रकरण अभ्यास

उंदराच्या पिलाचा सांगाडा पाहण्याची एक जुनी आणि देखणी पद्धत आहे. जन्माच्या उंबरठ्यावरचं पिलू घ्यायचं, कातडी आणि आतडी काढायची आणि दोन रंगांत भिजवायचं. अल्शियन ब्लू कूर्चेला निळं करतो, अलिझरिन रेड हाडात साठलेल्या कॅल्शियमला लाल करतो. पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीनमध्ये राहून उरलेलं मांस काचेसारखं पारदर्शक होतं, आणि निळा-लाल सांगाडा तेवढा डोळ्यांपुढे राहतो. मग मणके मोजायचे. मानेचे ७, बरगड्या असलेले छातीचे १३, कमरेचे ६ (काही वाणांत ५), त्रिकास्थीचे, म्हणजे कमरेखाली श्रोणीच्या (ओटीपोटाभोवतीच्या) हाडांना जोडलेल्या भागाचे, ४, आणि पुढे शेपूट.

मोजणाऱ्याची नजर तेराव्या बरगडीपाशी थांबते, कारण तिथून खाली कणा मोकळा होतो. नुसते जाड, भक्कम मणके, दोन्ही बाजूंना आखूड प्रवर्ध (हाडाचे फाटे), बरगडी नाही. सस्तन प्राण्याला कमरेत वाकता येतं, पोट आत-बाहेर होऊ शकतं, ते या मोकळ्या पट्ट्यामुळे.

२००३ साली युटा विद्यापीठातल्या डेनीन वेलिक आणि मारिओ कापेकी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका उंदराचा सांगाडा दाखवला, ज्यात हा मोकळा पट्टाच नव्हता. तेराव्या बरगडीनंतर चौदावी, पंधरावी, सोळावी होती, आणि बरगड्या थांबतच नव्हत्या. कमरेच्या सगळ्या मणक्यांवर बरगड्या, त्रिकास्थीच्या भागातही बरगड्यांसारखी हाडं, आणि ती त्याच्याही पलीकडे गेलेली. मणके पडायचे तसे पडले होते, पण कंबर कुठेच घडली नव्हती.

पृष्ठवंशी गर्भात होमिओबॉक्स जनुकं काय काम करतात हे एकाच उदाहरणावरून समजून घ्यायचं असेल, तर मी हेच उदाहरण निवडेन. फळमाशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवल्याचं चित्र जास्त प्रसिद्ध आहे. पण आपल्या कण्याबद्दल हा उंदीर जे सांगतो ते त्या माशीला सांगता येत नाही.

आधी ही जनुकं कोण ते

एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव येतो, अशा विकृतींना विल्यम बेटसन यांनी १८९४ साली ‘होमिओसिस’ असं नाव दिलं. त्यांनी गोळा केलेल्या नमुन्यांत कीटक होते तसे मणके आणि बरगड्याही होत्या. मानेच्या मणक्याला फुटलेली बरगडी त्यांना कुतूहलाची वस्तू वाटली नाही, तर उत्क्रांतीचा कच्चा माल वाटली. नोंद उत्तम होती, पण तिच्यामागचं कारण सापडायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

१९७८ साली एडवर्ड लुईस यांनी फळमाशीतल्या अशा जनुकांच्या एका समूहाचं सविस्तर विश्लेषण मांडलं. ही जनुकं गुणसूत्रावर ज्या क्रमाने बसलेली असतात, त्याच क्रमाने ती शरीराच्या पुढच्या भागापासून मागच्या भागापर्यंत वापरली जातात, ही त्यातली विलक्षण गोष्ट. १९८३-८४ च्या सुमाराला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात मॅथ्यू स्कॉट आणि एमी वायनर यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असं दिसलं की अशा वेगवेगळ्या जनुकांत एक छोटा तुकडा जवळजवळ सारखाच आहे. डीएनएच्या १८० अक्षरांचा हा तुकडा म्हणजे होमिओबॉक्स. १९८४ मध्येच तो बेडकात सापडला, आणि लवकरच उंदरात आणि माणसातही. कीटकाच्या खंडांची गोष्ट एका झटक्यात आपली झाली.

होमिओबॉक्समधून ६० अमिनो आम्लांचा एक भाग तयार होतो, त्याला होमिओडोमेन म्हणतात. त्यात तीन सर्पिल आकाराच्या कांड्या असतात, आणि तिसरी कांडी डीएनएच्या रुंद खोबणीत जाऊन बसते. म्हणजे ही प्रथिनं स्वतः हाड बनवत नाहीत की स्नायू बनवत नाहीत. ती डीएनएवर बसतात आणि दुसऱ्या जनुकांना चालू किंवा बंद करतात.

माणसात होमिओबॉक्स असलेली २०० हून अधिक जनुकं आहेत. डोळ्याच्या घडणीत कळीचं असलेलं पॅक्स-६ त्यांतलंच. पण त्यांच्यातल्या ३९ जनुकांचं घराणं वेगळं आहे. ती विखुरलेली नाहीत, चार समूहांत ओळीने बसली आहेत. या समूहांना ए, बी, सी, डी म्हणतात, आणि ओळीतल्या जागांना १ ते १३ असे क्रमांक आहेत. हीच हॉक्स जनुकं. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच दोनदा दुप्पट झाला, त्यामुळे एका समूहाचे चार झाले. नंतर काही जागा रिकाम्या पडल्या. दहाव्या जागेचं जनुक बी समूहात उरलेलं नाही, ए, सी आणि डी या तिन्हींत मात्र आहे. ‘हॉक्स-१०’ म्हणजे हे तीन भाऊ: हॉक्स ए-१०, सी-१० आणि डी-१०. उंदरात ते अनुक्रमे ६, १५ आणि २ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर राहतात. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत.

बारा वर्षं हे दिसलं का नाही

उंदरातलं नेमकं एखादं जनुक निकामी करण्याचं तंत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाती आलं. त्यासाठी कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. हॉक्स जनुकं या तंत्राची पहिल्या फळीतली गिऱ्हाइकं होती. १९९१ साली हॉक्स ए-३ बंद केल्यावर थायमस ही छातीतली ग्रंथी आणि गळ्याकडच्या इतर रचना बिघडल्या. १९९२ साली हॉक्स सी-८ बंद केल्यावर कमरेच्या पहिल्या मणक्याला चौदावी बरगडी आली.

चौदावी बरगडी म्हणजे मोठी बातमीच, एका मणक्याने आपल्या पुढच्या शेजाऱ्याचं रूप घेतलं होतं. पण पुढच्या काही वर्षांत असे अनेक उंदीर तयार झाले आणि चित्र काहीसं निराश करणारं दिसू लागलं. एक जनुक काढलं की एखाददुसरा मणका बदलतो, तोही काही पिलांत बदलतो आणि काहींत बदलत नाही. एकट्या हॉक्स ए-१० च्या अभावात कमरेच्या सुरुवातीला थोडा सरकाव दिसला, एवढंच. यावरून कुणी असा निष्कर्ष काढला असता तर त्याला दोष देता आला नसता: कण्याचे मोठे विभाग दुसरंच काहीतरी ठरवतं, हॉक्स जनुकं फक्त सीमेवरची डागडुजी करतात.

हा निष्कर्ष चुकीचा होता, आणि का चुकीचा होता हेच या प्रकरणाचं मर्म आहे. एकच ओझं तीन खांद्यांवर असेल तर एक खांदा काढल्याने ओझं पडत नाही. त्यावरून तो खांदा बिनकामाचा होता असं म्हणणं जसं खोटं, तसंच ते ओझं खांद्यांवर नव्हतंच असं म्हणणंही खोटं.

मग तिन्ही एकदम काढायला हवीत. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून हिशेब करून पाहू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. तीन जनुकांच्या मिळून सहा. तिन्ही जनुकांची एकेक प्रत निकामी असलेले नर-मादी एकत्र आणले, तर पिलाला एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळण्याची शक्यता चारात एक. तिन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, त्यामुळे शक्यतांचा गुणाकार होतो: ६४ पिलांत सरासरी एक. उंदराची वीण साधारण सहा ते आठ पिलांची. म्हणजे हवा तो एक गर्भ मिळवायला आठ ते अकरा वेळा वीण घ्यावी लागते, आणि एका गर्भावर काहीच सिद्ध होत नाही.

जवळची वाटही बंद होती. आधीच हॉक्स ए-१० च्या दोन्ही प्रती निकामी असलेले उंदीर जोडीला लावले असते तर शक्यता वाढली असती. पण अशा मादीच्या गर्भाशयात गर्भ नीट रुजत नाही आणि नराची वृषणं खाली उतरत नाहीत. जी जनुकं कणा घडवतात तीच जननमार्ग घडवायलाही लागतात, आणि प्रयोग करणाऱ्याला ही गोष्ट अशी वाटेत आडवी येते.

या सगळ्यातून जे हाती आलं त्यातली एक गोष्ट मला मूळ सांगाड्याइतकीच महत्त्वाची वाटते. सहापैकी पाच प्रती निकामी, एकच शाबूत, अशा पिलांत कंबर कंबरच राहिली होती. लहानसहान फरक होते, पण सगळा विभाग बदलून जाण्याचा मागमूस नव्हता. पाच प्रती गेल्या तरी जे दिसत नाही, ते सहावी जाताच संपूर्ण दिसतं. जनुक बंद केलं, फरक पडला नाही, म्हणून त्याचं काम नाही, असं वाक्य जिथे जिथे वाचायला मिळतं तिथे हा उंदीर आठवावा.

बरगडी ही मूळ वाट

आता त्या सांगाड्याचा अर्थ काय लावायचा?

सवयीने आपण म्हणतो की छातीच्या मणक्यांना बरगडी ‘येते’ आणि कमरेच्या मणक्यांना ‘येत नाही’. म्हणजे छातीत काहीतरी जास्तीचं घडतं आणि कंबर म्हणजे साधा, कोरा मणका. हॉक्स-१० नसलेला उंदीर हा समज उलटा करतो. जनुकं काढून घेतली आणि बरगड्या वाढल्या. याचा अर्थ बरगडी ही त्या भागातल्या मणक्याची मूळ वाट आहे, आणि हॉक्स-१० चं काम ती वाट अडवणं हे आहे. कंबर रिकामी राहिलेली नसते, ती मुद्दाम रिकामी केलेली असते.

शरीररचनाशास्त्र शिकलेल्यांना हे पूर्ण अनोळखी नसावं. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांच्या बाजूच्या प्रवर्धांत बरगडीचा खुंटलेला अंश मिसळलेला असतो, हे वर्णन जुनंच आहे. त्रिकास्थीच्या रुंद पंखांतही तो असतो. अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांना मानेतसुद्धा बरगड्या असतात. बरगडीची शक्यता जवळजवळ प्रत्येक मणक्यात दडलेली आहे, आणि ती कुठे फुलू द्यायची आणि कुठे दाबायची एवढाच प्रश्न असतो.

प्रत्येक मणका आपल्या पुढच्या, म्हणजे डोक्याकडच्या मणक्यासारखा होणं, ही हॉक्स जनुक गमावल्याची नेहमीची खूण आहे. त्यामागचं कारण या जनुकांच्या वापराच्या पद्धतीत आहे. गर्भ डोक्याकडून शेपटीकडे लांबत जातो. समूहाच्या एका टोकाची जनुकं आधी जागी होतात, मग पुढची, मग त्याच्या पुढची. त्यामुळे मागच्या भागात नव्या जनुकांबरोबर आधीचीही अनेक चालू असतात. छातीच्या भागातली जनुकं कमरेच्या पातळीवर गप्प बसलेली नसतात, पण हॉक्स-१० चा शब्द त्यांच्यावर वरचढ ठरतो. तो शब्दच गेला की आधीचा हुकूम चालू राहतो.

उलटी परीक्षा

एखादी गोष्ट काढल्यावर बिघाड झाला, तर ती आवश्यक आहे एवढंच कळतं. ती पुरेशी आहे का, हे कळायला ती नको त्या जागी घालून पाहावी लागते.

पोर्तुगालमध्ये मोइसेस मायो यांच्या गटाने २००५ साली हे केलं. त्यांनी हॉक्स ए-१० हे एकच जनुक उंदराच्या गर्भात पुढच्या भागातही चालू केलं, आणि छातीचे मणके बरगडीविना तयार झाले. एका प्रयोगात सगळीकडे बरगड्या, दुसऱ्यात कुठेच नाहीत. दोन सांगाडे शेजारी ठेवून पाहिले तर एकाच वाक्याची होकारार्थी आणि नकारार्थी रूपं वाचल्यासारखं वाटतं.

पण या प्रयोगात आणखी एक बारकावा होता, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. मणके थेट घडत नाहीत. गर्भाच्या मागच्या टोकाला पेशींचा एक सलग पट्टा असतो, आणि त्याच्या पुढच्या कडेने ठरावीक वेळाने एकेक जोडी ठोकळे सुटत जातात. या ठोकळ्यांना सोमाइट म्हणतात. उंदरात साधारण दर दोन तासांनी एक जोडी सुटते, कोंबडीत दर ९० मिनिटांनी. सोमाइटच्या एका भागातून मणके आणि बरगड्या होतात, दुसऱ्यातून स्नायू.

मायो यांच्या गटाने हॉक्स ए-१० दोन वेगवेगळ्या वेळी चालू करून पाहिलं: एकदा ठोकळे सुटण्याआधी, सलग पट्ट्यात, आणि एकदा ठोकळे सुटल्यानंतर. बरगड्या गेल्या त्या फक्त पहिल्या खेपेला. तेच जनुक, तेच प्रथिन, पण ठोकळा एकदा सुटला की बरगडी थांबवण्याची वेळ निघून गेलेली असते. मणका दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, तो अजून वेगळा तुकडासुद्धा झालेला नसताना, आपण कमरेचा की छातीचा हे त्याच्या पेशींत ठरलेलं असतं.

हाडाचा निर्णय स्नायूत

डीएनएवर बसणारं प्रथिन बरगडी नेमकी थांबवतं कसं? साहजिक अपेक्षा अशी की ते हाड किंवा कूर्चा घडवणारी जनुकं बंद करत असेल. उत्तर वेगळंच निघालं.

२०१० मध्ये याच गटाने दाखवलं की हॉक्स-१० चा परिणाम सोमाइटच्या त्या भागात होतो जिथून पोटाच्या आणि छातीच्या बाजूचे स्नायू तयार होणार असतात. तिथे मायफ-५ आणि मायफ-६ ही दोन स्नायू घडवणारी जनुकं चालू असतील, तर त्या पेशी शेजारच्या हाड घडवणाऱ्या पेशींना वाढीचे संदेश पाठवतात आणि बरगडी लांबत जाते. छातीच्या पातळीवर हॉक्स-६ गटाची प्रथिनं ही जनुकं चालू करायला मदत करतात, आणि कमरेच्या पातळीवर हॉक्स-१० ती दाबतात. हॉक्स बी-६ ठोकळे सुटण्याआधीच्या त्या सलग पट्ट्यात चालू केलं तेव्हा मानेपासून थेट शेपटीकडच्या मणक्यांपर्यंत बरगड्या फुटल्या.

म्हणजे बरगडीचा निर्णय आधी स्नायूच्या पेशी घेतात आणि हाडाला तो शेजाऱ्याकडून कळतो. मला यात एक व्यवहारी शहाणपण दिसतं. बरगडी आणि तिच्यामधले स्नायू बरोबरच असायला हवेत, नुसती बरगडी किंवा नुसता तो स्नायू काय कामाचा? दोघांचा निर्णय एकाच ठिकाणी झाला तर ताळमेळ आपोआप राहतो.

सगळी होमिओडोमेनं जवळजवळ एकाच प्रकारच्या छोट्या अक्षरक्रमावर बसतात, तर मग एक हॉक्स प्रथिन चालू करणारं आणि दुसरं बंद करणारं कसं, ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. टी-ए-ए-टी अशी चार अक्षरं जनुकसंचात जागोजागी सापडतात, तेवढ्यावर कुणाची ओळख पटणार? निवड घडते ती साथीदारांमुळे. पीबीएक्स आणि मेइस ही होमिओबॉक्स घराण्यातलीच दुसरी प्रथिनं हॉक्सच्या शेजारी डीएनएवर बसतात आणि जागा नेमकी करतात. मायफ-५ च्या नियंत्रक तुकड्यावर पॅक्स-३ हे प्रथिनही लागतं. हॉक्सला एकट्याने काही वाचता येत नाही, ते नेहमी कुणाच्या तरी सोबतीने वाचतं. हा नियंत्रक तुकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

एक पायरी खाली

वेलिक आणि कापेकी यांनी त्याच लेखात पुढच्या क्रमांकाची जनुकंही तपासली. हॉक्स-११ चे तिन्ही भाऊ काढल्यावर त्रिकास्थी तयारच झाली नाही. जिथे श्रोणीला घट्ट धरणारे, एकमेकांत मिसळलेले, रुंद पंखांचे मणके हवेत, तिथे कमरेसारखे सुटे मणके आले.

दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की नियम उलगडतो. कमरेत हॉक्स-१० बरगडी पूर्ण दाबतं. त्रिकास्थीच्या पातळीवर हॉक्स-११ येतं आणि ती दडपणूक थोडी सैल करतं, त्यामुळे बरगडीचा अंश वाढतो, पण मोकळी बरगडी न होता पंखासारखा पसरून शेजाऱ्याशी जुळतो. उभं असताना आपल्या धडाचं वजन ज्या हाडातून पायांकडे जातं, ते हाड अर्धवट परवानगी मिळालेल्या बरगड्यांचं आहे.

हेच गट हातापायांतही वापरले जातात. मागच्या पायात मांडीच्या हाडासाठी हॉक्स-१०, पोटरीच्या हाडांसाठी हॉक्स-११ आणि पंजासाठी हॉक्स-१३. पुढच्या पायात हॉक्स ए-११ आणि डी-११ दोन्ही नसलेल्या उंदरांत कोपर ते मनगट यांमधली दोन्ही हाडं जवळपास नाहीशी झाली होती, ही नोंद १९९५ ची. हॉक्स-११ चे तिन्ही भाऊ नसतील तर मूत्रपिंडंही बनत नाहीत.

माणसापर्यंत नेताना

उंदरावरून माणसाकडे उडी मारण्याचा मोह इथे होतोच. कमरेच्या पहिल्या मणक्याला छोटी बरगडी असलेली, किंवा शेवटचा कमरेचा मणका त्रिकास्थीला जुळलेला असलेली माणसं क्ष-किरण चित्रांत नेहमी दिसतात. त्यांच्यात हॉक्स-१० किंवा ११ बिघडलेलं आहे असं थेट म्हणणं चूक ठरेल. सहापैकी पाच प्रती गेल्यावरही उंदराची कंबर टिकते, हे आत्ताच पाहिलं. असा एका मणक्याचा सरकाव गर्भातल्या वेळेच्या थोड्या चुकीनेही होऊ शकतो. १९९१ मध्ये केसेल आणि ग्रुस यांनी गर्भार उंदरांना ठरावीक दिवशी रेटिनॉइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप, दिलं, तेव्हा पिलांच्या मणक्यांची ओळख सरकली. तिथे कुठल्याच जनुकाचं अक्षर बदललेलं नव्हतं, हॉक्स जनुकं कुठे चालू व्हायची त्या सीमा तेवढ्या हलल्या होत्या.

माणसात हॉक्सचा थेट पुरावा मिळाला तो बोटांत. १९९६ साली हॉक्स डी-१३ मधला दोष जास्तीची आणि जुळलेली बोटं असण्याच्या आनुवंशिक विकाराशी जोडला गेला. या प्रथिनात ॲलनिन या अमिनो आम्लाची १५ ची सलग माळ असते, आणि विकार असलेल्या कुटुंबांत ती ७ किंवा त्याहून जास्त मण्यांनी लांबलेली होती. इथे एक प्रत बिघडली तरी परिणाम दिसतो, कारण लांबलेलं प्रथिन गैरहजर राहत नाही, ते भावांच्याही कामात अडथळा आणतं. तीन खांद्यांपैकी एक नुसता निघून गेला तर ओझं तरतं, पण एक उलट्या दिशेने ओढू लागला तर तरत नाही.

साप आणि हत्ती

शेवटी त्या नियंत्रक तुकड्याकडे.

सापाचा सांगाडा आणि हॉक्स-१० नसलेल्या उंदराचा सांगाडा यांत एक साम्य चटकन जाणवतं: बरगड्या, बरगड्या आणि बरगड्या. काही सापांत मणके ३०० च्या वर जातात आणि धडाच्या जवळजवळ सगळ्या मणक्यांना बरगड्या असतात. सापाने हॉक्स-१० गमावलं असेल, हा पहिला अंदाज कुणीही करेल. पण सापाकडे हॉक्स-१० आहे, आणि ज्या भागात बरगड्या आहेत तिथेच ते चालूही आहे. मग सापाचं प्रथिन निकामी झालं असेल, हा दुसरा अंदाज. तोही टिकला नाही, कारण सापाच्या हॉक्स-१० प्रथिनाची बरगडी दाबण्याची क्षमता शाबूत निघाली.

मायो यांच्या गटाने २०१३ साली खरी जागा दाखवली. हुकूम देणारा ठीक होता, हुकूम जिथे उतरायचा ती जागा बदलली होती. हॉक्स आणि पॅक्स प्रथिनं ज्या नियंत्रक तुकड्यावर बसून बरगडीचा निर्णय करतात, त्यात सापांमध्ये एकच अक्षर वेगळं आहे. तेवढ्याने हॉक्स प्रथिनाला तिथे नीट बसता येत नाही. स्नायूची जनुकं दाबली जात नाहीत आणि बरगडी आपल्या मूळ वाटेने वाढत राहते.

हॉक्स-१० स्वतः बिघडलं असतं तर कणा, मांडीचं हाड, जननमार्ग, सगळीकडे एकदम परिणाम झाला असता. सुट्या तुकड्यातलं एक अक्षर बदललं तर फक्त बरगडीपुरता फरक पडतो आणि बाकीची कामं अबाधित राहतात. प्रयोगशाळेत तिन्ही भाऊ काढून जे साधलं, ते सापाच्या वंशात एकालाही न काढता साधलं गेलं आहे.

मग हे अक्षर इतर प्राण्यांत शोधलं गेलं. तेच अक्षर, त्याच जागी, हत्तीत आणि मॅनॅटी या समुद्रगायीत सापडलं. सापाशी त्यांचं जवळचं नातं नाही. पण हत्तीला बरगड्यांच्या १९-२० जोड्या असतात, छातीचा पिंजरा मागे श्रोणीच्या अगदी जवळ येतो, आणि कमरेचा मोकळा पट्टा आखूड उरतो.